गळ्यातला मसुराएवढा दाणा
(गणेशोत्सवातील महिला सभेत केलेले भाषण)



दरवर्षी मी इथे आरती म्हणायला उभी राहते. आज आजारपणाबद्दल बोलायचे आहे. उत्सवात असला विषय नको म्हणत होते, पण कार्यवाह ऐकेनात.

पाच वर्षांत दोनदा मूतखडा झाला. हाडे ठणकत, विसरायला होई, उगाच रडू येई. बेळगावच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, वयच झालं आता." मलाही ते पटले. रक्तात कॅल्शियम 11.6 होते, साधारण साडेदहापर्यंत चालते. हा आकडा दोन जुन्या रिपोर्टांतही होता, पण कुणी पाहिला नाही. मीही नाही!

दोष पॅराथायरॉइडचा निघाला. थायरॉइडच्या मागे या बहुधा चार ग्रंथी असतात, मसुराच्या दाण्याएवढ्या. काम एकच, कॅल्शियम सांभाळणे. एखादी वाढली की हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढते आणि खडे होतात. यांचा शोध मजेदार आहे. रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम दिसल्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात! माणसातल्या ग्रंथींचे वर्णन 1880 साली स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनी केले. 1925 मध्ये व्हिएन्नात मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरची वाढलेली ग्रंथी काढली. त्याआधी, ग्रंथी कमी पडते समजून त्याला दुसऱ्याची बसवूनही पाहिली होती.

इलाज आजही तोच, काढून टाकणे. गळ्यावर इंचभर छेद, ही रूढ आणि चांगली पद्धत. पण माझ्या दंडावर लहानपणच्या लशीची जागा अजून फुगलेली आहे. जखम भरताना माझी कातडी वाढतच जाते, त्याला केलॉइड म्हणतात. म्हणून काखेतून, रोबोटच्या साहाय्याने करायचे ठरले. वहिनी म्हणाल्या, "या वयात गळा कुणाला दाखवायचाय?" मला भीती व्रणाची कमी, आवाजाची जास्त होती. स्वरयंत्राची नस तिथूनच जाते आणि ती दोन्ही पद्धतींत सांभाळावीच लागते.

रोबोट स्वतःहून काही करत नाही हं. सर्जन बाजूला बसून मोठे केलेले चित्र बघत त्याचे हात चालवतात. नेमकी कुठली ग्रंथी हे सोनोग्राफी आणि स्कॅनवरून आधी पक्के लागते. चारही बिघडल्या असतील तर गळ्यावरूनच जावे लागते. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात, कारण हे संप्रेरक काही मिनिटांतच ओसरते. निम्म्याखाली आले की काम झाले. माझे 180 वरून 41 झाले. बाहेर बसलेल्या ह्यांना ती दहा मिनिटे तासासारखी वाटली म्हणे.

'बिनव्रणाची' हा शब्द मात्र मला खोटा वाटतो. व्रण आहे, काखेत लपलेला. छातीचा भाग महिनाभर बधिर होता, ओठांना मुंग्या येत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि खर्च साध्या पद्धतीहून बराच जास्त आला. केलॉइड नसता तर मी गळ्यावरचाच छेद घेतला असता.

आठ महिने झाले. कॅल्शियम 9.4 आहे. वरचा सूर अजून जरा हलतो, ते आज आरतीत ऐकालच. ज्यांना मूतखडा झालाय त्यांनी जुने रिपोर्ट घेऊन या. प्रसादाच्या टेबलाशी मी बसलेली आहे, आकडा कुठे बघायचा ते दाखवते.