दही का लागत नाही?

मंडळी, गाईला दगडी झाली की आपण सुई देतो. त्या दिवसांतल्या दुधाला विरजण लावून पाहा. दही नीट लागत नाही. का? सुईतले औषध दुधात उतरते आणि विरजणाचे जंतू मारते. घरच्या बायांना हे केव्हाचे ठाऊक आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती मातीची चाचणी याच जातीची.

आपल्या नाशिक जिल्ह्यात सटाणा, देवळा, मालेगावकडे डाळिंबाच्या बागा पुष्कळ. तेल्या पडला की फळावर डाग येतात, फळ तडकते, वर्षाचा पैसा जातो. हा रोग जंतूंचा. म्हणून बागाईतदार स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी फवारत आले. त्यांना दोष कसा द्यावा? डोळ्यांदेखत बाग जात होती.

पण पुडीत असते काय? स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसाची औषधे. क्षयावर लागू पडलेले पहिले प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिनच. १९४३ साली अमेरिकेत ते सापडले, तेही मातीतल्या जंतूंत! फवारा जमिनीवर गळतो. औषध दिलेल्या कोंबड्यांचे खतही शेतात येते. मातीतले नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात, वाढतात. त्यांचा चिवटपणा रोगाच्या जंतूंतही जातो. मग उद्या पोराला ताप आला, तर तेच औषध चालेलच असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ही दोन औषधे शेतीत बंद करण्याच्या हुकुमाचा मसुदा काढला, तो याच काळजीने.

आता चाचणी. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत ती होते. माती पाण्यात ढवळतात, निवळू देतात. त्या पाण्यात कागदाची टिकली भिजवतात. बशीत खळीसारखा घट्ट थर असतो, त्यावर निरुपद्रवी जंतू पसरलेले. टिकली त्यावर ठेवून बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी सगळीकडे जंतूंची साय दिसते. टिकलीभोवती मोकळे कडे दिसले, तर जंतू मारणारे काहीतरी मातीत आहे.

काहीतरी, बरं का! कडे दिसले म्हणून लगेच पुडीवर आळ घेऊ नका. डाळिंबावर आपण मोरचूदही मारतो, आणि तांबेही जंतू मारते. म्हणून तीन माती न्या: बागेतली, कधीच न फवारलेल्या बांधावरची, आणि नुसता मोरचूद मारलेल्या शेतातली. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या.

उलटही होते. आपली काळी माती टेट्रासायक्लिनला घट्ट धरते, पाण्यात सुटू देत नाही. कडे दिसले नाही म्हणून माती शुद्ध ठरत नाही. खरे माप मोठ्या प्रयोगशाळेतले यंत्रच सांगते. ते महाग पडते. म्हणून संशयाची माती आधी या स्वस्त चाचणीने निवडायची आणि तेवढीच पुढे पाठवायची.

माती एका जागची घेऊ नका. बागेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खणा, सारी माती एकत्र करा, त्यातली मूठ-दोन मूठ स्वच्छ पिशवीत भरा. पिशवीवर गट नंबर, तारीख आणि शेवटची फवारणी कधी व कशाची केली ते लिहा. आता लिहिता येतेच की!