मैदानातून परत न आलेला खेळाडू



क्रीडा स्पर्धा झाल्या की आपण विजेत्यांचे कौतुक करतो. आज मात्र मी मैदानातून परत न आलेल्या एका खेळाडूची आठवण करून देणार आहे.

मार्क-व्हिव्हियन फोए हा आफ्रिकेतील कॅमेरून देशाचा फुटबॉलपटू. उंचापुरा, दमदार, वय अवघे २८. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लियाँ शहरात कोलंबियाविरुद्ध कॉन्फेडरेशन्स चषकाचा उपान्त्य सामना चालू होता. ७२ व्या मिनिटाला तो मैदानाच्या मध्यभागी एकाएकी कोसळला. कोणाचा धक्का लागला नव्हता. डॉक्टरांनी शर्थ केली. पण तो वाचला नाही. त्याच्या हृदयाचे स्नायू जाड झाले होते, असे शवचिकित्सेत आढळले. हा विकार बहुधा आनुवंशिक असतो आणि धडधाकट माणसातही लपून राहतो.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात असाच कोसळला. लगेच त्याची छाती दाबण्यात आली, यंत्राने विजेचा झटका देण्यात आला आणि तो वाचला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळू लागला.

मित्रांनो, एक कबुली देतो. धावताना छातीला हात लावून खाली बसलेल्या एका विद्यार्थ्याला मी एकदा "नाटक करू नकोस, ऊठ" म्हणून दरडावले होते. सुदैवाने त्याला काही झाले नाही. पण फोएविषयी वाचले, तेव्हा मला त्या मुलाचा चेहरा आठवला.

पालकांनो, खेळताना मुलाच्या छातीत दुखले, त्याला भोवळ आली, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते लपवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि शाळेलाही कळवा. विद्यार्थ्यांनो, त्रास सांगणे हा भित्रेपणा नव्हे.

कोणी बेशुद्ध पडला आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. हे प्रत्यक्ष शिकून घ्यावे लागते, आणि आम्हा शिक्षकांनी ते आधी शिकले पाहिजे.

फोएला वाचवता आले नाही. आपल्या मैदानावरचे मूल मात्र आपल्या अज्ञानामुळे जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.