शाळेस द्यावयाची भेट



महोत्सवाप्रीत्यर्थ मुलांच्या शाळेस एखादें नवें यंत्र भेट द्यावें, अशी इच्छा अशा प्रसंगीं पुष्कळांच्या मनांत येते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु यंत्र दारांत आल्यावर शाळाचालकांच्या खर्चास खरा आरंभ होतो. म्हणून त्या यंत्राच्या पुढील दहा वर्षांविषयीं आम्ही चार शब्द बोलूं इच्छितों.

उदाहरण दूर शोधावयास नको. आपल्याच जिल्ह्यांत, माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले हे 2009 सालीं शिक्षक म्हणून आले. त्यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची, म्हणजे त्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनाची, जोड दिली. त्यावर मोबाइल धरला कीं पाठाची ध्वनिफीत, चित्रफीत वा प्रश्न समोर येतात. पुढें बालभारतीच्या आणि एन. सी. ई. आर. टी.च्या पुस्तकांतही हे चौकोन आले. 2020 सालीं डिसले यांस दहा लक्ष डॉलरचें ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें, व त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वाटून देण्याचें जाहीर केलें, हें आपण जाणतांच.

गंमत अशी कीं हा चौकोन शाळेसाठीं निघालाच नव्हता. 1994 सालीं जपानांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरितां तो तयार झाला. तेव्हां उद्यां वर्गांत कोणतें साधन येईल, याचें भाकित करण्याचे श्रम शाळाचालकांनीं घेऊं नयेत. त्या चौकोनांत पाठ नसतो, पाठाचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर कोणी राहत असेल, तर पुस्तक न बदलतां पाठ सुधारतां येतो. पत्ता ओस पडला, तर चौकोन म्हणजे नुसती शाई. नव्या साधनाची निगा कोण राखणार, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारला पाहिजे.

31 डिसेंबर 2020 रोजीं अडोबी कंपनीनें फ्लॅश प्लेअरचा पाठपुरावा बंद केला, आणि ब्राउझरमध्यें फ्लॅशवर चालणारे कितीएक सचित्र पाठ उघडेनासे झाले. संगणक मात्र धडधाकट होते. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 ची नेहमींची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. देणगीचा कागद लिहितांना अशा तारखा कोणास आठवत नाहींत! फीत कापून मग कायमचें कुलूप घातलेली संगणकखोली पाहण्याचा योग आम्हांस एकाहून अधिक वेळां आला आहे.

यास्तव आमची सूचना अशी. देणगीचा निम्माच भाग यंत्रावर खर्चावा. उरलेला दुरुस्ती, वीज आणि शिक्षकांचें शिक्षण यांकरितां राखून ठेवावा. कंपनी बदलली तरी पाठ आणि नोंदी साध्या स्वरूपांत परत मिळतील, अशी अट करारांतच घालावी. सोलापूरच्या उन्हाळ्यांत पत्र्याच्या छपराखालीं यंत्रें ठेवूं नयेत, हें तर सांगावयासही नको.

मार्च 2020 मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां वर्ग फोनवर आला. विड्या वळणाऱ्या आईच्या घरांत एकच फोन, आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, तर मुलानें शिकावें कोठें? घरीं फोन आहे असें गृहीत न धरतां, कांहीं यंत्रें शाळेनें स्वतःजवळ ठेवून अशा मुलांस आळीपाळीनें द्यावींत.

आणखी एक नाजूक बाब आहे. मुलांचीं नांवें, गुण, छायाचित्रें हीं सर्व या यंत्रांत सांठतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांच्या संमतीची अट घातली आहे. शैक्षणिक कामापुरती शाळांस नियमांत कांहीं सूट आहे. ती घेऊं नये, असें आमचें मत आहे. संमतीचा कागद तेलुगू, कन्नड, उर्दू वा मराठी, ज्या घरीं जी भाषा वाचली जाते तींत लिहावा, आणि ज्या आईस वाचतां येत नाहीं तिला शिक्षकानें तो मोठ्यानें वाचून दाखवून मगच अंगठा घ्यावा.