दार ठोठावणे आणि दार ओलांडणे

(नाशिक येथे नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आज या सभेला जी मंडळी जमली आहेत, त्यांतील पुष्कळ कुटुंबे अलीकडेच धम्मात आलेली आहेत. पुरुष मंडळी पुढे बसली आहेत आणि आयाबाया, लेकी-सुना मागे भिंतीला टेकून बसल्या आहेत. ही बसण्याची तऱ्हा कोणी ठरवून दिलेली नाही. ती आपोआप झाली आहे. जे आपोआप होते, ज्याविषयी कोणी विचारीत नाही, त्याचाच विचार आपण आज करावा अशी माझी विनंती आहे.

माणूस दोन प्रकारांनी कोंडला जातो. एक कोंडणे बाहेरून कडी लावून होते. ते सर्वांना दिसते. दुसरे कोंडणे दार सताड उघडे असताना होते. तेथे कडी नसते, पहारेकरी नसतो. परंतु माणसाचे मनच त्याला सांगत असते, की तुझी योग्यता एवढीच आहे, तू बोललास तर अनर्थ होईल, तू निघालास तर तुला जगात कोठेही थारा नाही. हे दुसरे कोंडणे अधिक भयंकर होय. कारण बाहेरची कडी दुसरा कोणी काढू शकतो, आतली कडी ज्याची त्यालाच काढावी लागते.

या विषयावर बोलण्यास नाशिकइतके योग्य शहर दुसरे नाही. आपल्या पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे शिस्तीने चालत आली. दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दरवाज्यांवर बसली. तीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या पंचवीस स्त्रिया मागे भिंतीला टेकून बसल्या नव्हत्या, त्या दारावर बसल्या होत्या, हे आपण लक्षात ठेवावे. त्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. आसपासच्या गावांत आपल्या लोकांच्या मुलांना शाळेतून काढले, वाटा बंद केल्या, दुकानदारांनी जिन्नस देण्याचे नाकारले. तरीही कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी हा लढा वर्षानुवर्षे चालविला.

पुढे १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपले मत स्पष्ट केले. मूर्तीची पूजा करावयास मिळावी म्हणून हा लढा नव्हता. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता, आणि ते कार्य झाले होते. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवले येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा त्यांनी केली. ज्या दाराशी पाच वर्षे उभे राहिलो, त्या दाराकडे आपण पाठ फिरविली. तेथून नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख यावयास एकवीस वर्षे आणि एक दिवस लागला.

या इतिहासातून मी तीन गोष्टी शिकलो आहे, आणि त्या केवळ मंदिराला नव्हे, तर घराला आणि नात्यालाही लागू पडतात असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट अशी, की आपण आधी दार ठोठावले. कोणतेही नाते पहिल्या खटक्याला तोडावयाचे नसते. समोरच्याला सांगावे, समजावावे, वाट पाहावी. पण ठोठावताना आपण पाहत असावे, की आत काय चालले आहे. मी तुम्हाला तीन प्रश्न देतो. या घरात मी माझ्या मनातले भीतीवाचून बोलू शकतो काय? मला दुखते असे मी म्हटले, तर माझे दुःख ऐकले जाते, की माझे बोलणे हाच माझा गुन्हा ठरतो? आणि माझ्यावर जी माया केली जाते, ती मी लहान होऊन राहीन या अटीवर तर नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षे विपरीत येत असतील, तर ते दार उघडणारे नव्हे हे ओळखावे. आणि जेथे हात उगारला जातो, तेथे वाट पाहण्याचा उपदेश मी कोणालाही करणार नाही. तेथे आधी सुरक्षित जागी जावे. विचार मागाहून करावा.

दुसरी गोष्ट अशी, की निघणे म्हणजे रागाने पळणे नव्हे. बाबासाहेबांनी एकवीस वर्षे अभ्यास केला, निरनिराळे धर्म पारखले, १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत लोकांसमोर आपली कारणे मांडली. निघणाऱ्याने कोठे जावयाचे हे ठरवावे, पायाखाली जमीन करावी, शिक्षण घ्यावे, चार पैसे आपल्या नावावर ठेवावे, चार विश्वासाची माणसे जोडावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुंबई प्रांतात १९४७ साली मंदिर-प्रवेशाचा कायदा झाला आणि बंद दारे कायद्याने उघडली. परंतु तोपर्यंत आपली योग्यता त्या दारावर अवलंबून राहिली नव्हती. ज्याने आपल्याला नाकारले त्याच्याच तोंडून ‘तू चांगला आहेस’ असे ऐकण्याची जी भूक, तीच माणसाला कोंडून ठेवते. ती भूक संपली, की माणूस मोकळा झाला.

बंधूंनो, येथवर आपण सर्वांनी माना डोलावल्या. आता मी जे सांगणार आहे ते सांगताना माझीच मान खाली जाते.

माझ्या आजोबांना काळारामच्या सत्याग्रहाचा अभिमान होता. माझ्या वडिलांना नागपूरच्या दीक्षेचा अभिमान होता. आमच्या घरी देव नव्हते, नवस नव्हते, पंचशील होते. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले. हुंडा नाही, मानपान नाही. तिच्या सासरी मारहाण नव्हती. फक्त तिच्याशी कोणी बोलत नसे. ती बोलली तर हसत. तिने माहेरी लिहिलेली पत्रे आधी वाचली जात. ती तीनदा परत आली. तिन्ही वेळा माझ्या वडिलांनी, ज्यांनी स्वतः एक धर्म सोडला होता त्यांनी, तिला सांगितले, की दिल्या घरी नांदावे, लोक काय म्हणतील. तिन्ही वेळा तिची पत्र्याची पेटी उचलून एस. टी. स्टँडवर नेणारा मी होतो. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वातंत्र्यावर भाषणे करीत असे.

चौथ्यांदा ती आली नाही. चाळीस वर्षांनी ती मला म्हणाली, ‘तू पेटी उचललीस ना, तेव्हा दर वेळी मला वाटायचे, की आता तू विचारशील, ताई, तुला जायचे आहे का? तू एकदाही विचारले नाहीस.’

भगिनींनो, बंधूंनो, माझ्या आजोबांच्या तोंडावर जे दार बंद झाले, ते परक्यांनी बंद केले होते. माझ्या बहिणीच्या तोंडावर जे दार बंद झाले, ते आम्ही बंद केले. मग आमच्यात आणि त्या पुजाऱ्यांत फरक तो कोणता राहिला?

कोणी म्हणेल, घर सोडणे हे आपल्या धम्माला धरून आहे काय? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कसे मांडले आहे, ते आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. संघाचे बहुमत त्याच्याविरुद्ध गेले. तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. त्याने आईवडिलांना सांगितले, यशोधरेशी बोलला, तिची संमती घेतली आणि मग निघाला. तो मध्यरात्री चोरासारखा गेला नाही. म्हणून जो पुरुष बायकापोरांना वाऱ्यावर सोडून जातो, त्याने बुद्धाचे नाव घेऊ नये. आणि जी स्त्री सर्व सांगून, सर्व सोसून, अखेर स्वतःचा जीव वाचविण्यास निघते, तिला धम्मद्रोही म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा यांपासून सुटल्याचा आनंद सांगते. आपल्या पूर्वजांनी ती वाणी टाकून दिली नाही, जपून ठेवली.

सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत. म्हणजे नाते हे दोन्हीकडून आहे. एकाने पाळावयाचे आणि दुसऱ्याने मोजावयाचे, हा बुद्धाचा मार्ग नव्हे. आणि आपल्याच त्रिरश्मी लेण्यांत जाऊन पाहा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने भिक्खूंसाठी खोली दान दिली, आणि तो लेख तिच्या नावाने कोरला आहे. दगडावर तिचे नाव आहे; आपल्या किती घरांच्या उताऱ्यावर बाईचे नाव आहे?

एकोणिसाव्या शतकातील रखमाबाईंचे उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाचे बंधन त्यांनी मानले नाही. मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता.

आज कायदा पाठीशी आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यातूनच पुढे १९५५ चा विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे आणि क्रूरता हे त्यात घटस्फोटाचे कारण आहे. परस्परसंमतीची तरतूद १९७६ साली त्यात आली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शाब्दिक आणि मानसिक छळ, तसेच पैशांची कोंडी, यांनाही हिंसाचारच म्हटले आहे, आणि स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १८१ हा स्त्रियांसाठी मदतीचा दूरध्वनी आहे. जात किंवा भावकी वाळीत टाकीत असेल, तर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आहे. हे आकडे पाठ करा, आणि घरातील मुलींना पाठ करवा.

आणखी एक गोष्ट नव्या कुटुंबांसाठी. तुम्ही धम्म घेतला, म्हणून नातलग रुसतील, गावची जत्रा चुकविली तर कोप होईल असे भय घालतील. त्या भयाला बळी पडू नका. परंतु घरात म्हातारी आई असेल, आणि तिला आपले जुने टाक हातचे सुटत नसतील, तर ते हिसकावून नदीत फेकू नका. तिला समजावा, तिच्याशी बोला, तिला वेळ द्या. दुसऱ्याला कोंडून मिळविलेली मुक्ती ही मुक्ती नव्हे. ती केवळ कडीची अदलाबदल आहे.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, आपला नवा जन्म होत आहे अशीही एक आहे. तुम्हापैकी अनेकांनी ती अलीकडेच उच्चारली. नवा जन्म घेतलेल्या माणसाच्या घरात जुन्या घराचा कोंडमारा असू नये, एवढेच माझे मागणे आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येक बापाने, प्रत्येक भावाने आपल्या लेकीला, आपल्या बहिणीला एकच वाक्य सांगावे: तुला कधीही परत यावेसे वाटले, तर हे दार उघडे आहे आणि तुला कारण विचारले जाणार नाही. सुनेलाही विचारावे, की बाई, तू येथे मोकळेपणी बोलतेस काय? आणि ती उत्तर देईपर्यंत थांबावे. पहिल्या दिवशी ती उत्तर देणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

माझी बहीण आज हयात नाही. तिची पत्र्याची पेटी माझ्या घरी आहे. माझ्या नातीने परवा विचारले, आजोबा, ही कोणाची? मी तिला सर्व सांगितले. काहीही लपविले नाही.

आता पुढल्या सभेस येताना मागची भिंत मोकळी असावी, अशी आशा बाळगून मी माझे भाषण संपवितो.

जय भीम!