घरची संमती

भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. अपघातात डोक्याला जबर मार बसला की जखमीला बहुधा तिकडेच नेतात. आणि एखादे वेळी डॉक्टर सांगतात, 'मेंदू मृत झाला आहे.' पण यंत्रावर छाती तर वरखाली होते आहे, हाताला ऊब आहे! आईने विश्वास ठेवावा तरी कसा?

म्हणूनच १९९४ च्या कायद्याने बंधन घातले. चार डॉक्टरांच्या मंडळाने, निदान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासायचे. अवयव बसविणारे डॉक्टर त्यांत नसतात.

मग काका, मामा, जावई जमतात. 'आपण द्यावे का?' यावर घर दुभंगते. खरा प्रश्न निराळाच आहे: 'त्याची इच्छा काय होती?' खिशात दात्याचे कार्ड सापडले, तरी घरच्यांच्या सहीवाचून सहसा काम पुढे जात नाही. इच्छा कुणालाच ठाऊक नसेल, तर नकार देणाऱ्याला दोष कसा द्यावा?

देह टाके घालून परत मिळतो. अंत्यविधी अडत नाही. तेव्हा आज जेवताना आपली इच्छा, हो असो वा नाही, घरात बोलून टाका. त्या रात्री घरच्यांना तेवढाच आधार.