भीती वाटत असताना आज्ञा पाळली, तर ती चालते का?



तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न साधारण एकच असतो. "देवाला काय हवंय ते कळतं, पण पाऊल उचलत नाही. मनात शंका असताना आज्ञा पाळली तर ती खरी धरली जाते का?" आज यावरच बोलू. बायबल ॲप उघडा, शास्ते, अध्याय ६.

गिदोन म्हटलं की आपल्याला लोकर आठवते आणि ३०० माणसं आठवतात. पण त्या दोन्हींच्या आधी एक रात्र येते, ती आपण पटकन वाचून पुढे जातो.

७ वर्षं मिद्यानी लोक इस्राएलाचं पीक लुटत होते. म्हणून गिदोन गहू उघड्यावर न झोडता द्राक्षकुंडात लपून झोडत होता. तिथे परमेश्वराचा दूत येऊन त्याला शूर वीर म्हणतो. लपलेल्या माणसाला! गिदोन म्हणतो, आमचं कूळ मनश्शेमध्ये सगळ्यात दुबळं आणि घरात मी सगळ्यात लहान. देव त्याला रागवत नाही. मी सोबत असेन, एवढंच सांगतो. बोलणारा देवच आहे ना, याची खूण गिदोन मागतो आणि ती त्याला मिळते.

मग त्याच रात्री पहिलं काम येतं. ते लढाईचं नाही, घरातलंच आहे. वडिलांची बआलाची वेदी पाड, तिच्याजवळची अशेरा तोड, परमेश्वरासाठी वेदी बांध आणि त्याच लाकडावर बैल अर्पण कर. मला तर हे लढाईपेक्षा अवघड वाटतं. शत्रू बाहेरचा असतो, वडील रोज समोर जेवायला बसतात.

आता वचन २७ बघा. गिदोन १० चाकर घेतो आणि सांगितलं तसं करतो. पण घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटते म्हणून दिवसा नाही, रात्री करतो. शास्त्र त्याची भीती लपवत नाही. पण भीतीमुळे त्याचं काम कमी दर्जाचं ठरलं, असंही कुठे म्हणत नाही. सकाळी वेदी पडलेली होती. लोकर त्यानंतर येते, वचन ३६ पासून. वेदीसाठी त्याने नवी खूण मागितली नाही.

हे मला का भिडलं ते सांगतो. घराच्या वाटणीवरून माझे बाबा आणि काका ५ वर्षं बोलत नाहीत. त्यामुळे आम्हा मुलांचंही बोलणं बंद. मत्तय ५ मध्ये प्रभू येशू सांगतो की वेदीपाशी असताना भावाची नाराजी आठवली, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. काय करायचं ते स्पष्ट होतं. पण मन रोज नवी लोकर पुढे करायचं. काकांनी माझं स्टेटस पाहिलं तर फोन करू, त्यांचा वाढदिवस येऊ दे मग करू. खरी भीती एकच, बाबांना काय वाटेल?

गेल्या शनिवारी रात्री आईला सांगितलं आणि तिच्यासमोरच फोन लावला. आवाज कापत होता. काका म्हणाले, "बरा आहेस ना? जेवलास का?" मिनिटभरात फोन संपला. सकाळी बाबांना मीच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, अजूनही त्या विषयावर बोललेले नाहीत. गिदोनाचे वडील योवाश गावासमोर मुलाच्या बाजूने उभे राहिले. बआल देव असेल तर त्याने स्वतःच भांडावं, म्हणाले. आमच्या घरी तसं झालेलं नाही. आज्ञा पाळली की सगळं लगेच आपल्या मनासारखं होईल, असं देवाने कुठे म्हटलंय? पण काकांचा नंबर आता माझ्यासाठी बंद दार राहिलेला नाही.

तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, शंका कशाबद्दल आहे ते ओळखा. कोणती नोकरी, लग्न कुणाशी, इथे थांबणं आणि पाळकांना, वडीलधाऱ्यांना विचारणं योग्यच. पण रेझ्युमेमध्ये खोटा अनुभव लिहायचा का, माफ करायचं का, याचं उत्तर आधीच मिळालंय. आणि हो, कुणी "देवाने मला सांगितलं" म्हणून तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तिथे शंका घ्याच. शास्त्राशी ताडून बघा.

दोन, एकटे जाऊ नका. गिदोनाकडे १० जण होते, तुम्हाला एक तरी शोधा.

तीन, दिवसा धीर होत नसेल तर रात्री करा. भीती जाण्याची वाट बघू नका, काम झाल्यावरही ती थोडी उरते.

चला, प्रार्थना करू. प्रभू, जे आम्हाला आधीच कळलंय ते करायला आज बळ दे. आम्ही घाबरलेले आहोत हे तुला माहीत आहे, तरी आमच्यासोबत चल. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

पुढच्या भागात भेटू. तोवर तो एक फोन करा.