शब्दाला जागणारा संघ

हरलेला संघ पुन्हां उभा कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खेळाचा वाटतो. डावपेच बदलावे, चांगले गडी आणावे, कसून सराव घ्यावा, असें त्याचें उत्तर कोणीहि देईल. परंतु वारंवार हरणाऱ्या मुलांना कौशल्याच्या उणिवेहूनहि मोठें एक दुखणें जडलेलें असतें. त्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडालेला असतो. आपण झटलों तरी शेजारचा झटेल याची खात्री नसल्यामुळें प्रत्येक जण हातचें राखून खेळतो. आणि सर्वांनींच हातचें राखलें म्हणजे पराभव ठरलेलाच. मग त्या पराभवाकडे बोट दाखवून जो तो म्हणतो कीं, माझा अंदाज खोटा नव्हता. या चक्रांतून मुलांना बाहेर काढणाऱ्या एका शिक्षकाची हकीकत म्हणूनच खेळाची आवड नसणाऱ्या श्रोत्यांनींहि ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पूर्वेस, कॉन्कॉर्ड नांवाचें शहर आहे. तेथें कॅथॉलिक धर्मबंधूंनीं १९६५ सालीं डे ला साल हें मुलांचें हायस्कूल काढलें. शाळेचा फुटबॉलचा संघ होता; पण १९७९ पर्यंत एकाहि हंगामांत त्याचे विजय पराभवांहून अधिक भरले नव्हते. त्या वर्षीं संघाची जबाबदारी बॉब लॅडूसर या पंचविशींतल्या तरुणाकडे आली. शाळेंत ते धर्मशिक्षणाचे वर्ग घेत, आणि वर्ग सुटले कीं मैदानावर येत.

आपल्याकडे फुटबॉल म्हटला म्हणजे पायानें चेंडू मारण्याचा खेळ डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंत त्या नांवानें खेळला जाणारा खेळ निराळा. त्यांतला चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असून तो मुख्यतः हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू ज्या बाजूकडे असेल तिनें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आघाडीच्या रांगेंतले पांच गडी सहसा चेंडू घेऊन कधींच धांवत नाहींत. समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्याला अंगावर घेऊन अडविणें एवढेंच त्यांचें काम. वर्तमानपत्रांत नांव छापून येतें तें धांवणाऱ्याचें. त्याला वाट करून देणारे पांच जण त्या वेळीं धुळींत पडलेले असतात.

लॅडूसर यांच्या संघाचा आवडता डाव तर याहूनहि नाजूक. त्यांत प्रतिपक्षाचा एक गडी मुद्दामच मोकळा सोडीत. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालविणारा खेळाडू, त्या मोकळ्या गड्याकडे क्षणभर पाही. तो आपल्यावर चालून आला तर चेंडू सोबत्याच्या हातीं द्यावयाचा. सोबत्यावर धांवून गेला तर स्वतःजवळ ठेवून पळावयाचें. हा निर्णय एका पावलाच्या अवधींत घ्यावा लागतो, आणि तो घेतांना बाकीचे सारे आपापल्या जागीं पोंचले आहेत हें गृहीतच धरावें लागतें. मागें वळून पाहण्यास सवड नसते. विश्वास हा अशा खेळांत भाषणाचा विषय राहत नाहीं. यंत्रांतल्या चाकाप्रमाणें तो निखळला कीं सारा डाव थांबतो.

परंतु 'विश्वास ठेवा' असें सांगितल्यानें कोणी विश्वास ठेवीत नाहीं. लॅडूसर यांनीं आधीं मागितले ते कष्ट. हंगाम संपला कीं व्यायामाला रजा, ही रीत बंद झाली. वजनें उचलणें आणि धांवणें वर्षभर चालूं लागलें. आपला सोबती ऐन सुट्टींतहि आपल्याइतकाच घाम गाळतो, हें प्रत्येकाला रोज दिसूं लागलें. पहिल्याच हंगामांत विजयांची संख्या पराभवांच्या पुढें गेली.

पुढें या संघांत एक पद्धत रूढ झाली. प्रत्येक खेळाडूनें एका लहानशा कार्डावर आपलीं त्या आठवड्याचीं वचनें लिहावयाचीं: व्यायामशाळेंत काय करीन, सरावांत काय करीन, सामन्यांत काय करीन. 'जिवापाड झटेन' अशा मोघम शब्दांना तेथें किंमत नव्हती. झालें कीं नाहीं हें पाहतां येईल असेंच वचन हवें. सामन्यापूर्वींच्या संध्याकाळीं सारा संघ एकत्र जेवी. तेथें प्रत्येक जण उभा राहून आपलें कार्ड वाची आणि तें एका सोबत्याच्या स्वाधीन करी. वचन पाळलें गेलें कीं नाहीं, याची साक्ष तो सोबती देई. सामन्याच्या दिवशीं हे थोराड मुलगे दोघां-दोघांनीं एकमेकांचा हात धरून मैदानांत उतरत.

या साध्या पद्धतींत माणसाच्या स्वभावाची चांगलीच पारख आहे. वचन लहान असल्यामुळें तें पाळतां येतें, आणि पाळलेल्या प्रत्येक वचनागणिक पत वाढते. शिवाय साक्षीदार शिक्षक नसून बरोबरीचा सोबती असतो. शिक्षकाला चकविण्यांत मुलांना थोडी मर्दुमकीहि वाटते. परंतु उद्यां ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभें राहावयाचें, त्याला चकविणें जड जातें.

१९९१ च्या अखेरीस हा संघ पिट्सबर्गच्या हायस्कूलकडून हरला. हें पिट्सबर्ग कॉन्कॉर्डच्या शेजारचेंच गांव. त्यानंतर मात्र १९९२ पासून २००३ पर्यंत बारा हंगाम त्यानें एकहि सामना गमावला नाहीं. सलग विजयांचा आधींचा उच्चांक मिशिगन राज्यांतील हडसन गांवच्या शाळेचा, ७२ सामन्यांचा होता. डे ला सालनें १५१ गांठले. यावर टीकाहि झाली. ही फी घेणारी खाजगी शाळा. दूरदूरचीं चांगलीं मुलें तिच्याकडे ओढलीं जातात, असें प्रतिस्पर्धी म्हणत. या आक्षेपांत कांहीं तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. मात्र साधनसंपन्न शाळा त्या देशांत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं कोणीहि हें करून दाखविलें नव्हतें.

खरी कसोटी पुढेंच होती. १९७९ च्या मुलांना आपण जिंकूं शकत नाहीं, ही भीति होती. पंचवीस वर्षांनंतरच्या मुलांना आपण हरतां कामा नये, ही भीति ग्रासूं लागली. वडीलधाऱ्यांनीं मिळविलेली कीर्ति आपल्या हातून बुडाली तर, या धास्तीनें खेळणारा मुलगाहि हातचें राखूनच खेळतो. अशांत ऑगस्ट २००४ मध्यें या संघांतून नुकताच बाहेर पडलेला, ओरेगॉन विद्यापीठांत जाण्याच्या तयारींत असलेला अठरा वर्षांचा एक खेळाडू रिचमंड शहरांत गोळीबारांत मारला गेला. ज्याचा हात धरून मैदानांत उतरावयाचें, तोच सोबती गेला. थोड्याच दिवसांनीं, ४ सप्टेंबर २००४ रोजीं, सिअ‍ॅटल येथें बेलव्ह्यू हायस्कूलनें डे ला सालला ३९–२० असें हरविलें. बारा वर्षांची मालिका तुटली. त्या हंगामांत आणखीहि पराभव पत्करावे लागले.

विजयावरच संघ उभा असता, तर तो येथें कोसळला असता. परंतु कार्डावर 'आम्ही जिंकूं' असें वचन कधीं मागितलेंच नव्हतें. जिंकणें हें प्रतिपक्षाच्याहि हातीं असतें. दिलेला शब्द पाळणें हें ज्याचें त्याच्या हातीं असतें. म्हणून पराभवानंतरच्या आठवड्यांतहि मुलांना करण्याजोगें कांहीं उरलें होतें. तींच वजनें, तेंच धांवणें, तेंच कार्ड, तोच सोबती. संघ पुन्हां सावरला, आणि पुढें राज्याचें अजिंक्यपदहि त्यानें अनेकदां मिळविलें.

लॅडूसर २०१३ च्या जानेवारींत मुख्य प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या नांवावर ३९९ विजय, २५ पराभव आणि ३ बरोबरीचे सामने जमा होते. चारशेंचा आंकडा एकाच सामन्यावर आलेला असतांना त्यांनीं जागा सोडली, आणि ती घेतली त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें.

घरांत, वर्गांत किंवा कचेरींत विश्वास उडाला म्हणजे मोठ्या माणसांच्या तोंडीं मोठीं वचनें येतात. तीं मोडलीं कीं दुरावा पहिल्यापेक्षां वाढतो. कॉन्कॉर्डच्या मुलांनीं धरलेली वाट लांबची खरी. या आठवड्यांत पाळतां येईल एवढेंच लिहावें, मोठ्यानें वाचावें, आणि तें कार्ड शेजाऱ्याच्या हातीं द्यावें.